काळी-पांढरीच्या मधला सूर

माझा स्वभाव संशयी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. दूधवाला "आजचं दूध घट्ट आहे" म्हणाला की माझ्या मनात कालच्या दुधाचा विचार येतो. नोकरीही अशी मिळाली की संशयाचाच पगार मिळावा. रेडिओवर रेकॉर्डिंगच्या खोलीत बसून मी आयुष्य काढलं. कोण खरं गातंय, कुणाची टेप मध्येच जोडलेली आहे, कुठल्या वायरीतून विजेची घुरघुर आत शिरतेय, हे शोधायचं आणि घुरघुर असेल तर काढून टाकायची. निवृत्त झाले तरी कान काही निवृत्त झाले नाहीत.

तर सुलभा, म्हणजे माझी मैत्रीण, पुण्यात दरवर्षी एक छोटा संगीत महोत्सव भरवते. तिने मला एक व्हिडिओ पाठवला. लातूरचा बँड, नाव 'भरडा'. डाळीचा भरडा असतो ना, तोच. चार जण स्टेजवर एक जुनं ब्लूज गाणं वाजवत होते.

ब्लूज म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या दक्षिणेकडे कापसाच्या शेतांत, गिरण्यांत, रेल्वेच्या कामांवर राबणाऱ्या काळ्या मजुरांची ही शंभरेक वर्षांपूर्वीची गाणी. रचना अगदी साधी. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. पुढे रॉक बँडवाल्यांनी ही गाणी उचलली, गिटारीला वीज जोडली, ढोल बडवले आणि तीन मिनिटांचं गाणं अर्ध्या तासापर्यंत ताणलं. त्यात पुष्कळ थापेबाजीही झाली. पण चांगला बँड जुनं गाणं स्टेजवर घेतो तेव्हा ते प्रत्येक गावात वेगळं होतं. कुठे चाल संथ होते, कुठे मधला तुकडा लांबतो, कुठे शब्दच बदलतात. म्हणून माझी कसोटी सोपी आहे. एकाच बँडचे दोन कार्यक्रम ऐकायचे. दोन्हींत गाणं तंतोतंत तेच निघालं तर कुठेतरी पाणी मुरतंय असं समजायचं.

'भरडा'च्या त्या व्हिडिओत मला दोन गोष्टी खटकल्या. पहिली म्हणजे त्यांची पट्टी. पेटीवरची पांढरी पाचही नाही आणि तिच्या शेजारची काळी चारही नाही, बरोबर दोन्हींच्या मध्ये. माणसं वाद्यं जुळवतात ती कुठल्यातरी पट्टीत जुळवतात, अशी मधल्या फटीत जुळवत नाहीत. रेकॉर्ड मात्र जरा हळू किंवा जरा जलद फिरली की तिथे जाऊन पडते. दुसरी गोष्ट आणखी वाईट. गाण्याच्या मध्यात गाणारी मुलगी आणि गिटारवाला दोघंही एकाच क्षणी, एकाच मापाने थोडे खाली घसरत होते आणि सावकाश परत वर येत होते. असं यंत्र करतं. वीज कमी झाली की करतं.

सुलभाला मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "इथेही काहीजण म्हणतायत, हे मागे रेकॉर्ड लावतात म्हणून. माझ्याकडे मराठवाड्यासाठी एकच जागा आहे. तू जाऊन ऐक. तू हो म्हणालीस तर त्यांना बोलावते, नाही म्हणालीस तर विषय संपला."

मी बॅग भरली.

नांदेड

नांदेडला उतरल्यावर रिक्षावाल्याने जो भाव सांगितला तो मला जास्त वाटला, म्हणून मी दुसऱ्याला विचारलं. त्याने त्याहून जास्त सांगितला. पहिल्याकडे परत आले तर तो हसत म्हणाला, "बसा मावशी, म्या कुठं गेलो न्हाई." त्यानेच पुढे दोन दिवस मला फिरवलं आणि एकदाही फसवलं नाही, हे मला जरा विचित्रच वाटलं.

बँडचा गिटारवाला समीर मूळचा नांदेडचाच, आता लातूरला राहतो. तो दुपारी मला जेवायला घेऊन गेला. बोलताना मराठीतून दखनीत आणि दखनीतून मराठीत असा तो सहज ये-जा करायचा. ताटात तहारी आली. पिवळा, तिखट, वाफाळता मसालेभात. पुण्यात याला कुणी तहारी म्हणणार नाही, आणि पुण्यातल्या मसालेभाताला इथे कुणी भात म्हणणार नाही. मी पहिला घास जपूनच घेतला. नंतर दुसऱ्यांदा वाढून घेतली.

"समीर, तुमची पट्टी कुठली?" मी हळूच विचारलं.

"आमची?" तो भातात लिंबू पिळत होता. "आमची अपनी पट्टी हाय मॅडम. लातूरची."

"लातूरची पट्टी वेगळी असते?"

"लातूरला या ना. मिलमध्ये या. उधर समजंल सगळं."

सरळ उत्तर न देणारा माणूस काहीतरी लपवतो, अशी माझी समजूत आहे. मी त्याच्या बोटांकडे बघून घेतलं. बोटांना घट्टे होते. म्हणजे गिटार तर वाजवतो, असं मनात नोंदवून ठेवलं.

कार्यक्रम संध्याकाळी एका मंगल कार्यालयात होता. आदल्या दिवशी तिथे लग्न झालं असावं, कारण स्टेजमागे वधूवरांच्या नावांची थर्माकोलची अक्षरं अजून तशीच होती आणि त्यांच्यापुढे बँडचे स्पीकर मांडलेले. ढोलवाला बालाजी गावाकडे गेला होता, तो हदगावहून एसटीने आला होता. मांडीवर झांजा घेऊन बसायला लागलं म्हणून कंडक्टरशी झालेलं भांडण तो सगळ्यांना रंगवून सांगत होता. बास वाजवणारा एक अबोल मुलगा होता. आणि गाणारी गिरिजा. विशीतली, ठेंगणी, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, अंगात साधा पंजाबी ड्रेस. तिचे वडील लातूरला डाळ मिल चालवतात, एवढं मला कळलं होतं.

कार्यक्रमाआधी मी सहज फिरतेय असं दाखवत स्टेजच्या बाजूला गेले. पडद्याआड गिरिजा एकटीच उभी होती. एका कानात इअरफोन, डोळे मिटलेले, ओठ मिटूनच काहीतरी गुणगुणत होती. मला बघताच तिने वायर कानातून ओढली आणि मोबाइल मुठीत झाकला.

"काय ऐकतेस?"

"काही न्हाई मॅडम. सूर धरून राहिले."

"तंबोरा?"

"हाव... तसंच काहीतरी."

तंबोरा असता तर लपवला कशाला असता?

गाणं मात्र मी खोटं का बोलू, चांगलं झालं. ह्या गाण्याची मूळ जुनी रेकॉर्ड माझ्याकडे आहे. गायकाचं नाव घासून गेलंय, वाचता येत नाही. गाण्यात कापसाच्या गिरणीतला एक मजूर सांगतो की गिरणी बंद झाली, तरी तिचा आवाज माझ्या कानात बंद होत नाही. मूळ गाण्यात एकटा माणूस आणि एक गिटार. ह्यांनी ते जवळजवळ कुजबुजत सुरू केलं, मग बालाजीने खालून ढोल आणला आणि हळूहळू पायाखालची फरशी थरथरायला लागली. पहिली ओळ गिरिजाने इंग्रजीत म्हटली, दुसऱ्यांदाही इंग्रजीतच. तिसरी ओळ, उत्तराची, एकदम मराठीत आली:

"गोदावरी म्हणे बुडी मार, तरी ऐकू येईल तुला."

लोकांनी शिट्ट्या मारल्या. मलाही अंगावर काटा आला, पण तेवढ्यात ती घसरण आली. गिरिजाचा आवाज आणि समीरची गिटार एकत्र खाली बसले, तसेच, व्हिडिओत ऐकले होते त्याच मापाने, आणि परत वर आले. अंगावरचा काटा गेला आणि मी मान वर करून स्पीकरच्या वायरी मोजायला लागले.

लातूर

लातूरमध्ये शिरताना दोन्ही बाजूंना शिकवण्यांचे फलक लागतात. त्यांवर मुलामुलींचे चेहरे, खाली गुण. जो तो पहिला. इतके सगळे पहिले कसे, हा प्रश्न मी शेजारी बसलेल्या बाईंना विचारला. त्या म्हणाल्या, "दरसालचे येगळे असत्यात ओ." माझं काही समाधान झालं नाही.

गिरिजाच्या वडिलांची डाळ मिल गावातच आहे, आडत बाजाराच्या मागे. पत्र्याची उंच शेड, सगळ्यावर तुरीच्या टरफलांची पिवळसर पूड. आत शिरले तर चिडीचूप. अमावस्येला बाजार बंद, म्हणून मिलही बंद, हे मला माहीत नव्हतं. चौघंही आधीच येऊन बसलेले. पोत्यांच्या थप्पीआड ढोल, स्पीकर, गिटारी. धूळ लागू नये म्हणून सगळ्यांवर जुन्या चादरी घातलेल्या.

"इथे सराव करता?"

"हाव," बालाजी म्हणाला. "रोज. जागा फुकट हाय आणि कुणी आवाजाची तक्रार करत न्हाई."

"मग वाजवा की. तेच गाणं. मी एकटीच ऐकते."

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. ही बघाबघी मला नीट ओळखता येते.

"आज न्हाई जमायचं मॅडम," गिरिजा म्हणाली. "मिल बंद हाय."

"अगं, म्हणून तर शांत आहे! ह्याहून चांगली वेळ कुठली?"

"मिल चालू असताना वाजवतो आम्ही," बालाजी म्हणाला. "बंद असली की कसं उघडं उघडं वाटतं."

मी रेडिओत इतकी वर्षं काढली. मी गायकांच्या सगळ्या सबबी ऐकल्यात. घसा बसला, तंबोऱ्याची तार तुटली, मुलगा आजारी आहे. पण डाळ मिल बंद आहे म्हणून गाता येत नाही, ही सबब मला नवीन होती. जगात कुणी धडधडणाऱ्या यंत्रांच्या शेजारी बसून गाण्याचा सराव करतं का? शांत जागा मिळावी म्हणून आम्ही भिंतींना गाद्या लावायचो. माझी खात्रीच पटली. रेकॉर्ड सोबत नसेल, नाहीतर लावायची सोय नसेल. मी तोंडदेखलं "बरं, बरं" म्हटलं.

संध्याकाळी गिरिजाच्या घरी जेवायला जावंच लागलं. अप्पा, म्हणजे तिचे वडील, उंच, किडकिडीत, कपाळावर विभूतीचे तीन ठळक पट्टे. बोलायला मऊ, पण नजर माझ्यासारखीच. धपाटे, दही, येसराची आमटी. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, पाण्यात कालवून उकळलं की झाली आमटी. मी त्याची चव घेत होते आणि अप्पा माझी चौकशी करत होते.

"ताई, तुमच्यात लग्नाचं कोण हाय?"

"कुणी नाही. मला मूलबाळ नाही."

"मग भाचा? पुतण्या?"

"पुतण्या आहे, पण त्याला दोन मुलं आहेत."

अप्पांनी बायकोकडे बघितलं. गिरिजाची आई मला तूप वाढता वाढता थांबली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अनोळखी बाई पुण्याहून येते, मुलीचं गाणं ऐकते, ती कुणाबरोबर फिरते ते बघते, कामाची जागा बघते, घरी जेवते. इकडे मुलीच्या स्थळाची गुपचूप चौकशी करायला बायका अशाच येतात. मी त्यांच्यावर संशय घेत होते आणि ते माझ्यावर! मला हसू आवरेना. खरं कारण सांगितलं तेव्हा अप्पा हसले नाहीत. उलट ताट सरकवून नीट बसले.

"मग बरंच झालं," ते म्हणाले. "खरं सांगा. पोरगी खरंच गाती, का आमच्या डोळ्यांत धूळ फेकून राहिली?"

"तुम्ही ऐकलं नाही कधी?"

"न्हाई. ते इंग्रजी रडणं मला समजत न्हाई. मिलमध्ये असतो तवा यंत्रापुढं काही ऐकू येत न्हाई." मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. गावाबाहेर नवीन मिल उभी राहिली आहे, सगळी बंदिस्त यंत्रं. "चालू हाय का बंद, हात लावून बघावं लागतं. आवाजच न्हाई!" हे सांगताना त्यांचा चेहरा फुलला. ह्या महिन्याअखेर जुनी मिल बंद. मोटर भंगारात, जागा विकायची. "हिला नव्या ऑफिसात बसायचंय. पोरंबी आपापल्या वाटंला लागतील. पुण्याचं जमलं तर बघू, मी आडवा येणार न्हाई. पण न्हाई जमलं तर हे सगळं बंद. हिनं तसा शब्दच दिलाय."

गिरिजा भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा ती मिठाचं भांडं उचलून आत निघून गेली.

मला त्या रात्री झोप नीट लागली नाही. सुलभाला मी काय सांगते, त्यावर ह्या मुलीचं गाणं राहणार की जाणार हे ठरणार होतं. पण म्हणून खोट्याला खरं म्हणायचं का? मुळीच नाही. उद्या उदगीरला कार्यक्रम होता. उद्या छडा लावायचा, असं ठरवून मी कूस बदलली.

उदगीर

"तुम्ही जाणार तर मीबी येतो," अप्पा सकाळी म्हणाले. म्हणून आम्ही दोघं संशयी माणसं एकाच गाडीतून उदगीरला गेलो. वाटेत एका हॉटेलात सुशीला खाल्ला. मुरमुरे भिजवून पिळून फोडणीला टाकतात आणि वर शेंगदाण्याचं कूट. आमच्याकडे मुरमुरे भिजले की टाकून देतात. तिथे अप्पांना ओळखीचे एक धान्याचे व्यापारी भेटले आणि दोघं कन्नडात सुरू झाले. मला कन्नड येत नाही. मध्ये दोनदा 'पुणे' ऐकू आलं आणि दोन्ही वेळा त्या गृहस्थांनी माझ्या ताटलीकडे बघितलं. मी खाणं आवरतं घेतलं.

हॉल भरला होता. अडतीतले लोक, कॉलेजची मुलं, काही बायका. अप्पा पुढच्या रांगेत ताठ बसले. मी माझ्या जागी, म्हणजे मागे साउंडच्या टेबलाशी गेले. रेडिओत होते म्हटल्यावर साउंडवाल्याने आदराने खुर्ची दिली. आणि तिथे मला ते दिसलं. माइक, गिटारी, ढोल यांचे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्यांशेजारी एक वेगळी पट्टी होती. तिची वायर स्टेजवर गिरिजाच्या पायाशी ठेवलेल्या मोबाइलकडे जात होती. हॉलसाठी तिचा आवाज पूर्ण खाली. फक्त स्टेजवरच्या छोट्या स्पीकरमध्ये, वाजवणाऱ्यांपुरता, सोडलेला.

"हे काय?" मी विचारलं.

"काय की," तो म्हणाला. "ते म्हणले, आम्हालाच ऐकू द्या, लोकांना नको."

सापडले! आपल्याला ऐकू येईल आणि लोकांना कळणार नाही, असं काय असतं? मूळ रेकॉर्ड. ती आपल्यापुरती वाजवायची आणि सुरासुराने तिची नक्कल करायची. मला आनंद झाला असता, पण पुढच्या रांगेतली अप्पांची ताठ पाठ दिसत होती आणि आनंद काही होईना.

ते गाणं आलं. कुजबुज, मग ढोल. पहिली ओळ. दुसऱ्यांदा तीच ओळ. साउंडवाला ओळखीच्या कुणाशी तरी बोलायला वळला. मी हात पुढे केला आणि ती पट्टी सरळ वर ढकलली.

हॉलमध्ये डाळ मिल सुरू झाली.

घर्रर्र आवाज, त्यात मोटरीच्या पट्ट्यांची फटफट, चाळण्यांची खडखड, आणि त्या सगळ्यावर एका माणसाचं खणखणीत ओरडणं: "आरं पोतं सरकीव! दाणा सांडून राहिला, दिसंना का?"

बँड थांबला. मग हॉल हसायला लागला. ह्या भागात हा आवाज न ओळखणारा माणूस नाही. कुणीतरी ओरडलं, "आरं, तूर भरडायला घेतली काय!" दुसरा म्हणाला, "ह्यो तर लातूरच्या अप्पांचा आवाज हाय!" आणि पुढच्या रांगेत अप्पा उभे राहिले. वळून माझ्याकडे नाही, स्टेजकडे बघत.

माझे कान मात्र काम करत होते. मिलची घरघर पांढरी पाच आणि काळी चारच्या बरोबर मध्ये होती. आणि मी ऐकत असतानाच तुरीचा नवा लोट आत पडला असावा, कारण मोटर जरा दमली, सूर थोडा खाली बसला आणि सावकाश वर आला. त्याच मापाने.

ही पोरं मिल चालू असताना सराव करत होती. मिलशी झगडून उपयोग नाही म्हणून वाद्यं तिच्याच सुरात जुळवली. ती घसरली की हीही घसरली. इतकी वर्षं तसंच करत राहिल्यावर त्यांना दुसरा सूर सूरच वाटेना. म्हणून गावोगावी जाताना मोबाइलात मिल घेऊन जायची. मागे लावलेलं असं काही होतं, ते एवढंच होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पट्टी खाली ओढायला हात पुढे केला.

"राहू द्या मॅडम," गिरिजा माइकवरून म्हणाली. "आता राहू द्या चालू."

तिने समीरकडे बघून मान हलवली. त्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून घेतलं, मिलच्या आवाजावर, आणि आता ती लपून नव्हती. पाचवं वाद्य होऊन ती सगळ्यांच्या खाली चालली होती. बालाजीने ढोल जवळजवळ सोडलाच, चाळण्यांची खडखड ठेका धरत होती तिथे तो फक्त झांजेवर टिचकी मारत होता. समीरच्या गिटारीला मधली जागा सापडली की तो थांबे आणि मिलला वाजू देई. लोक हसायचे थांबले होते. गिरिजाने पहिली ओळ म्हटली. पुन्हा म्हटली. मग रेकॉर्डमधले अप्पा ओरडले, आणि ते ओरडून होईपर्यंत ती थांबली आणि समोर उभ्या असलेल्या अप्पांकडे बघून तिने तिसरी ओळ म्हटली:

"बंद करायची तर करा अप्पा, मी घेऊन चालले तिला."

अप्पा खाली बसले. गाणं संपलं तेव्हा सगळा हॉल उभा होता आणि ते एकटेच बसलेले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

कार्यक्रमानंतर मी गिरिजाकडे गेले. माफी मागितली, सरळ शब्दांत. "पण आधी सांगितलं का नाहीस गं?"

"तुम्ही पुण्याचे. डाळ मिलवर गिटार जुळवतो म्हणलं असतं तर हसला असता."

हसले असते. त्यात शंका नाही.

"आणि मॅडम," ती म्हणाली, "आवाज अजून थोडा वर पाहिजे होता."

परतताना

लातूरच्या स्टेशनावर मला सोडायला अप्पाच आले. बाकावर बसल्यावर म्हणाले, "ताई, ते मूळ गाणं कसं हाय? तुमच्याकडं असंल ना."

मी मोबाइलवर लावून दिलं. शंभर वर्षांपूर्वीचा तो माणूस, त्याची एक गिटार, मागे रेकॉर्डची नेहमीची खरखर. अप्पांनी मोबाइल कानाशी धरला आणि डोळे मिटले. शब्द त्यांना कळत नव्हते. गाणं संपल्यावर त्यांनी ते परत लावायला सांगितलं.

"ह्याच्याबी मागं काहीतरी चालू हाय," ते म्हणाले.

"ती खरखर आहे अप्पा. रेकॉर्ड झिजलीय."

"ती येगळी. तिच्या खाली ऐका. घुमून राहिलंय."

मी मोबाइल कानाशी लावला. अप्पांनी जन्मभर यंत्रं ऐकली होती आणि मीही. फरक एवढाच की मी ती काढून टाकण्यासाठी ऐकली. खरखरीच्या खाली खरंच काहीतरी होतं. त्या काळच्या यंत्राची फिरकी असेल. नाहीतर आणखी काही. हा माणूसही दोन पट्ट्यांच्या मध्येच गातो, हे मला केव्हापासून माहीत होतं, आणि यंत्र हळू फिरलं असेल म्हणून मी ते सोडून दिलं होतं. आता खात्रीने काहीच सांगता येईना.

सुलभाला मी गाडीतूनच फोन केला. "बोलाव," म्हटलं. तिने विचारलं, "रेकॉर्ड लावतात का?" मी म्हटलं, "हो. आणि ती मोठ्याने लावायची, एवढी अट घाल."

पुण्याचा कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे. घरी येऊन हे लिहायला बसले तोवर अप्पांचा फोन आला. नमस्कार झाला, सुशीला घरी करून बघितला का, तेही विचारून झालं. मग म्हणाले, "ताई, परवा जुन्या मिलचा शेवटचा दिवस. पोरीच्या मोबाइलात आवाज लई बारीक आलाय. तुमच्याकडं चांगलं मशीन असंल. येता का?"

मी परत गेले. चांगले दोन माइक नेले, एक मोटरजवळ लावला, एक चाळण्यांजवळ. बँडची चौघं पोत्यांवर बसली होती, वाद्यांना हात न लावता. ज्या आवाजाला जन्मभर दाराबाहेर ठेवलं, तोच टिपायला मी कानांवर हेडफोन चढवून बसले. हमालांनी तूर ओतली, मोटर दमली, सूर बसला, उठला. अप्पा यंत्रापाशी हात मागे बांधून उभे होते. मग ते माझ्यापाशी आले आणि वाकून, कानाशी अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं:

"मधी मी ओरडलो तर चालंल का?"

"ओरडा अप्पा," मी म्हटलं. "रोजच्यासारखं ओरडा."